जलालपूरची मनू



मागे युवक-युवतींच्या सभेत एका मुलीने आम्हाला विचारले की, फादर, तुम्ही आम्हाला नेहमी असिसीच्या फ्रान्सिसची, छोट्या तेरेजाची, डॉन बॉस्कोची चरित्रे सांगता. सगळी माणसे इटलीची नाही तर फ्रान्सची. आपल्याकडची, आपली भाषा बोलणारी, रिक्षा करून जिच्या गावाला जाता येईल अशी कुणी नाही का? मुले हसली, आम्हीही हसलो. पण सभा संपल्यावर तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि काही दिवस मुक्कामाला राहिला.

रिक्षाने जाता येईल अशी एक आहे. गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या बाजूला गेले की गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव लागते. आपल्यापैकी कितीतरी जण सुटीच्या दिवशी सोमेश्वरला धबधबा पाहायला जातात, कणसे खातात आणि परत येतात. त्या जलालपूरला १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा अनेकांनी वाचलेला असेल. ज्येष्ठांना कदाचित विजया मेहता यांनी १९८२ साली दूरदर्शनसाठी केलेले 'स्मृतिचित्रे' आठवत असेल. सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या.

आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे मिस्सानंतर पायरीवर आम्हाला कुणी अडवणार नाही. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्या आणि त्यांचे पती अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होते. त्या काळी त्यांचे आणि आपले फारसे जमत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) आपण त्यांना दुरावलेले भाऊ-बहीण म्हणायला शिकलो. खरे तर त्याही आधीपासून रेव्हरंड टिळकांची भजने भिंती ओलांडून आपल्याकडे आली होती. आपण लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत होतो तेव्हा ही मंडळी टाळ-मृदंगावर मराठीत देवाला आळवत होती, हे कबूल करायला हरकत नाही. शिवाय लक्ष्मीबाईंना कुणी संत म्हणून घोषित केलेले नाही, आणि त्यांना ते ऐकून हसू आले असते असे आम्हाला वाटते. संत म्हणून नव्हे, तर आपल्याच तालुक्यातली एक मुलगी वयाच्या अकराव्यापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत कशातून गेली, ते आमच्या युवकांना ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहोत.

माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. घरी मनू. तिचे वडील नाना गोखले हे सोवळ्याने पछाडलेले गृहस्थ होते. पछाडलेले हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्याने नानांचे मन सोवळ्या-ओवळ्याच्या एका टोकाला जाऊन अडकले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धान्य धुणे समजू शकतो, पण मीठ आणि गूळ धुवायला घेतल्यावर हाती काय उरणार? घरातली बाईमाणसे आणि मुले या पाण्याच्या राज्यात दिवसभर ताटकळत असत. लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी हे सगळे लिहिले ते इतक्या गमतीने की वाचताना हसू आवरत नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र लक्षात येते की ती एका भुकेल्या मुलीची हकीकत होती.

आम्ही हे लांबवून सांगतो आहोत त्याला कारण आहे. पुढे जिने जातीभेद मुळासकट टाकून दिला ती स्त्री अशा घरात वाढली होती. तिला शाळा मिळाली नाही. ब्राह्मणाची मुलगी असली तरी मुलगीच. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, तुकड्यातुकड्याने.

लग्न १८८० साली झाले. मनू अकरा वर्षांची, नवरा अठरा वर्षांचा. आता ती लक्ष्मी झाली. नवरा म्हणजे नारायण वामन टिळक, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. आई लवकर वारली, वडिलांशी पटेना, म्हणून हा मुलगा नाशिकला येऊन गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकत होता. विलक्षण बुद्धीचा, हजरजबाबी, उत्तम वक्ता आणि जन्मजात कवी. पुढे महाराष्ट्राने त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले. पण कवीशी संसार करणे ही काय चीज आहे, हे त्याच्या बायकोला विचारावे. टिळकांचा राग क्षणात भडके आणि क्षणात विझे. हाती आलेला पैसा घरापर्यंत टिकत नसे, कारण वाटेत कुणी ना कुणी गरजू भेटलेला असे. मनात आले की ते न सांगता घरातून निघून जात आणि महिनोन् महिने पत्ता नसे. मग एक दिवस जसे गेले तसे परत. आज नाशिक, उद्या मुंबई, परवा नागपूर. बाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी नातलगांच्या दारात.

आमच्याकडे नवरा-बायकोची भांडणे मिटवायला येणारी जोडपी आहेत. त्यांतल्या एखाद्या बाईने असे सगळे सांगितले असते, तर आम्ही काय सल्ला दिला असता याचा आम्ही विचार केला. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. लक्ष्मीबाई भांडत, रुसत, टोमणे मारीत, आणि नवऱ्यावर जिवापाड प्रेम करीत. त्यांच्या पुस्तकात टिळक देव नाहीत आणि राक्षसही नाहीत. मोठ्या मनाचा, भोळा, तापट असा एक माणूस आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा काव्यावरून धर्मावर गेल्या. उतरताना त्या प्रवाशाने टिळकांना नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. दोन वर्षे आत झगडा चालला. बायकोला यातले फारसे काही सांगितले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आम्ही सेमिनरीत असताना ही गोष्ट अनेकदा ऐकली. रेल्वेचा डबा, अनोळखी प्रवासी, नवा करार. मिशन रविवारी आम्ही स्वतः वेदीवरून ती सांगितलेली आहे, आणि ती सांगताना दर वेळी मुंबईच्या त्या चर्चमध्येच थांबलो आहोत. त्याच दिवसांत इकडे एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईवर काय कोसळले ते आम्ही वेदीवरून कधीच सांगितले नाही. ही आमची चूक आज लिहून टाकतो.

त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा ख्रिस्ती झाला याचा अर्थ असा की तो जिवंत असून मेला. बायको सवाशीण असून विधवेसारखी. कपाळाला कुंकू आहे, पण ज्याच्या नावाचे ते कुंकू त्याच्या हातचे पाणी चालत नाही. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. शोकाने लक्ष्मीबाई अंथरुणाला खिळल्या. बाई जिवाचे काहीतरी बरेवाईट करील म्हणून नातेवाईक तिच्यावर नजर ठेवून असत. लोक पाहायला येत. काही खरोखर कळवळ्याने, काही तमाशा पाहायला. याच दिवसांत त्यांचे दुःख पद्यातून बाहेर पडू लागले. नवऱ्याच्या सहवासात कवितेची जी ओळख झाली होती ती अशी उपयोगी पडली.

इथे थोडे कायद्याचे सांगतो, कारण विवाहाच्या वर्गात मुले आम्हाला हे विचारतात. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर तो विवाह मोडून दुसरा करता यावा असा कायदा इंग्रज सरकारने १८६६ साली केला होता. आपल्या चर्चमध्येही संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायावर आधारलेली तशी तरतूद आहे. म्हणजे टिळकांना वाट मोकळी होती. ते पस्तिशीच्या आतले, विद्वान, ख्रिस्ती समाजात मान मिळालेले. त्या वाटेने ते गेले नाहीत. बायको हीच, आणि ती येईपर्यंत थांबायचे. ती आपला धर्म सोडून आली पाहिजे अशी अटही नाही. तरुणपणी घरातून निघून जाणारा हा माणूस या एका बाबतीत मात्र जागचा हलला नाही. रेल्वेतल्या भेटीपेक्षा आम्हाला हाच त्यांच्या परिवर्तनाचा जास्त भरवशाचा पुरावा वाटतो.

लक्ष्मीबाईंची ही सुमारे पाच वर्षे बरीचशी पंढरपुरात, नातलगांच्या आश्रयाने गेली. आश्रित बाईचे दिवस कसे असतात ते आपल्यातल्या काही भगिनींना सांगायला नको. माणसे वाईट नव्हती, उलट प्रेमाची होती. पण दुसऱ्याच्या घरातली चूल ती दुसऱ्याचीच. टिळकांची पत्रे येत. कधी राग, कधी समजूत, कधी दत्तूची चौकशी. दत्तूला वडिलांकडे पाठवावे का, हा प्रश्न वरचेवर निघे. पाठवले तर बाटणार, न पाठवले तर बापाविना वाढणार.

शेवटी त्या स्वतःच निघाल्या. धर्म बदलायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. हा फरक त्यांनी स्वच्छ ठेवला होता. आपल्याकडच्या मंडळींनी त्यांना अडवायचा खूप प्रयत्न केला. इकडून ख्रिस्ती मंडळींना वाटले की बाई आली म्हणजे आता आठवडाभरात बाप्तिस्मा. दोन्हीकडच्यांचा अंदाज चुकला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि राहुरी या परिसरात टिळक मिशनचे काम करीत होते, तिथे लक्ष्मीबाई राहू लागल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. नाना गोखल्यांची लेक ख्रिस्ती नवऱ्याच्या सान्निध्यात आपले सोवळे सांभाळत होती, आणि टिळक त्या सोवळ्याला धक्का लावीत नव्हते. मिशनच्या आवारात याची चेष्टा झालीच असणार. पण एकाच कुटुंबात दोन श्रद्धा असणे म्हणजे काय, हे आपल्या धर्मग्रामात आज ज्यांच्या घरी घडते आहे, त्यांनी ही पाने सावकाश वाचावीत. जोडीदाराला ओढत वेदीपर्यंत आणणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि ओढून आणलेला माणूस दारातूनच कसा परत जातो तेही पाहिले आहे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती लक्ष्मीबाईंच्या मनात घडली, बाहेर पाहायला काहीच नव्हते. सोवळे पाळता पाळता त्या विचार करू लागल्या. एकटीने, कुणाला न सांगता. देवाने जनावरे निरनिराळी केली, ती पाहताक्षणी ओळखू येतात. गाय ती गाय आणि घोडा तो घोडा. माणसांत देवाला जर जाती करायच्या असत्या, तर तशी काही खूण त्याने ठेवली नसती का? ब्राह्मणाच्या आणि महाराच्या अंगात तसा काही फरक दिसत नाही. मग ही वाटणी देवाची नव्हे, माणसाची. आणि माणसाने केलेली असेल तर आपण ती का पाळावी? विचार इथे आला आणि त्याच दिवशी त्यांनी ठरवले की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे प्यायचे. टिळकांना सांगितले तेव्हा त्यांना झालेल्या आनंदाला सीमा राहिली नाही.

आम्ही तत्त्वज्ञान शिकण्यात काही वर्षे घालवली. सर्व माणसांना सारखाच लागू पडेल असा नियमच नीतीचा नियम, हे कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याचे म्हणणे आम्ही परीक्षेत दहा-दहा पाने लिहिले आहे. जलालपूरच्या या बाईला जोडाक्षर लिहिताना अडखळायला होई. तिने तेच घरात बसून, गाय आणि घोड्यावरून ठरवले. आणि आम्ही पेपर लिहून जेवायला गेलो, ती मात्र उठून दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याली.

यातला एक क्रम आमच्या मनातून जात नाही. जात आधी गेली, ख्रिस्त नंतर आला. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १९०० साली, दत्तूसह. म्हणजे येशूच्या पायाशी येण्याआधी ही बाई माणसांच्या पंगतीत येऊन बसली होती. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. बाप्तिस्मा तीन पिढ्यांपूर्वी झालेला असतो, घरात पवित्र हृदयाची तसबीर असते, आणि लग्नाची बोलणी निघाली की एखादे काका आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतात, फादर, मुलीकडचे मूळचे कोण? आम्ही नोंदवहीत मूळचे कोण असा रकाना नसल्याचे सांगतो. ते हसतात आणि चौकशी दुसरीकडे करतात. या वर्षीही हे घडले आहे. एक ठरत आलेले लग्न त्यात मोडले. दोन्ही मुले आपल्या युवक गटातली आहेत आणि हे पत्रक ती वाचतील.

बाप्तिस्म्याचे वर्ष दुष्काळाचे होते. १८९९-१९०० चा तो छप्पनचा दुष्काळ. नगर जिल्ह्याचे काय हाल झाले ते आपल्यातल्या नगरकडच्या कुटुंबांनी आजी-पणजीकडून ऐकले असेल. टिळकांचा स्वभाव तर ठाऊकच आहे. पोरकी, उपाशी मुले दिसली की हा गृहस्थ त्यांना घरी घेऊन येणार. पूर्वी त्यांचा पैसा वाटेत संपत असे, आता घरात माणसे वाढू लागली. टिळकांनी मुले आणायची, आणि त्यांच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, अंगावरची खरूज धुवायची, ताटात काय वाढायचे याची चिंता वाहायची ती लक्ष्मीबाईंनी. ज्या घरात लहानपणी मीठ धुवावे लागे त्या घरातल्या मुलीच्या मांडीवर आता महारा-मांगांची लेकरे झोपत. समाजसेवा हा शब्द आज फार सोपा झाला आहे. शनिवारी दोन तास, फोटो, आणि प्रमाणपत्र. आम्ही युवकांना रागे भरत नाही, दोन तासही थोडे नाहीत. पण लक्ष्मीबाईंकडे ही मुले शनिवारी येऊन जात नव्हती. ती तिथेच राहात, चोऱ्या करीत, आजारी पडत, भांडत, मोठी होत.

प्लेगने १८९६ मध्ये मुंबईत पाय ठेवला आणि पुढची कित्येक वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. नगरला साथ आली तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या इस्पितळात राहून रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. घरचे माणूससुद्धा जवळ जायला कचरत असे असा तो रोग. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, आपण सर्वांनी दारे लावून घेतली होती आणि ते आवश्यकही होते. त्या वेळी दाराच्या बाहेर राहिलेल्या आपल्या धर्मग्रामातल्या परिचारिका भगिनींना या बाईचे मन आमच्यापेक्षा जास्त कळेल. आम्ही स्वतः अंत्यविधीच्या प्रार्थना कितीदा तरी फोनवरून म्हटल्या.

पुढच्या आयुष्याचे थोडक्यात सांगतो. टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक झाले, पुढे मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त जिथे एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. ती रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाई पन्नाशीला आल्या होत्या. हाताशी पैसा नाही. मुंबईला मुलींच्या वसतिगृहात त्यांनी काम केले, पुढे मुलाच्या नोकरीमुळे कराचीला जाऊन राहिल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती आणि तिथे मराठी माणसे पुष्कळ होती.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत लिहायला घेतले होते. नाव 'ख्रिस्तायन'. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. आपल्या लोकांना ओवीतले ख्रिस्तचरित्र म्हटले की फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ सालचे 'क्रिस्तपुराण' आठवते, आणि ते आठवायलाच हवे. पण तो इंग्लंडहून गोव्याला आलेला विद्वान जेझुइट होता. इथे टिळकांचा अपुरा ग्रंथ त्यांच्या बायकोने हाती घेतला, आणि साठाहून अधिक अध्याय स्वतः रचले. जिला नवऱ्याने हौसेने अक्षरे शिकवली तिने नवऱ्याचे काम त्याच्याहून किती तरी पटींनी पुढे नेले.

'स्मृतिचित्रे'ची गोष्ट तर आणखी गमतीची. देवदत्ताला, म्हणजे त्या दत्तूला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला सांगितले की तुला आठवेल तसे लिहून ठेव. आई लिहू लागली. बोलते तसे. वाक्य सजवायचे असते हे तिला कुणी शिकवले नव्हते, ते बरेच झाले. चरित्राची सामग्री म्हणून लिहिलेले हे कागदच पुस्तक झाले. आधी 'संजीवनी' साप्ताहिकात काही भाग आला, मग १९३४ पासून चार भागांत पुस्तक निघाले. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ झाली, त्यांत हे अगदी वरच्या पंक्तीला बसते असे जाणकार मानतात. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने इंग्रजीत आणले. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ज्या समाजाने एके काळी या बाईला जिवंतपणी सुतक धरले, त्या समाजातल्या घराघरांत हे पुस्तक वाचले गेले. १९३५ साली नाशिककरांनी त्यांचा जाहीर सत्कार केला.

वर्षभराने, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिकलाच त्यांचे निधन झाले. गोदावरीच्या ज्या काठी जन्म, त्याच काठी शेवट.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, युवक गट जलालपूरला जाणार आहे. तिथे स्मारक वगैरे पाहायला मिळेल म्हणून येऊ नये. गाव आहे, नदी आहे, आणि चालत फिरता येते. 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती आपल्या वाचनालयात आहेत. एक प्रत त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने नेली आहे. दुसरी आम्ही त्या काकांच्या हाती दिली आहे. त्यांनी ती घेतली, पाने चाळली, आणि किती दिवस ठेवता येईल असे विचारले. आम्ही सांगितले, लागतील तितके दिवस ठेवा.